आत्याबाईंच्या शालीच्या तऱ्हा

माझ्या सासूबाईंचा आज काय रंग आहे हे कळायला मला त्यांचं तोंड पाहावं लागत नाही. शाल पाहिली की पुरे.

सकाळी मी अंगणात पाणी तापवायला चूल पेटवते तेव्हा त्या ओसरीवर येतात. शाल डोक्यावरून घेतलेली, दोन्ही टोकं हनुवटीखालून मागे नेऊन मानेवर गाठ मारलेली असली तर समजावं, बाई शेतात निघाली, चहा लवकर पाहिजे. तीच शाल डोक्यावरून नुसती खाली सोडली आणि आतून फक्त नाक दिसत असलं तर कालच्या कुठल्या तरी बोलण्यावरून त्या रुसल्या आहेत, आणि ते बोलणं बहुतेक वेळा माझंच असतं. शाल कमरेला गुंडाळली की घरात काहीतरी उपसायला काढणार, म्हणजे माझं कपाट धोक्यात. आणि उजव्या काखेखालून काढून टोक डाव्या खांद्यावर फेकलं, तेही असं की पाठीवर फटकन आवाज यावा, तर मी नवऱ्याला लगेच सांगते, "आई ग्रामपंचायतीत चालल्या. तुमी आज तिकडून जाऊ नका."

त्यांचं नाव भागिरथा. आमच्या वऱ्हाडात सासूला आत्याबाई म्हणतात, म्हणून माझ्या त्या आत्याबाई. शेलूबाजारहून जीपमध्ये बसलं की आमचं गाव लागतं. जीपवाल्याला गावाचं नाव सांगितलं नाही आणि नुसतं "शालवाल्या बाईचं गाव" म्हटलं तरी तो बरोबर फाट्यावर उतरवतो. ही प्रसिद्धी त्यांना फार आवडते. वरून मात्र म्हणतात, "लोकाईले कामं नाई."

शाल लोकरीची आहे, दोन सुयांवर हातानं विणलेली. मध्ये निळा पट्टा, मग शाळेच्या स्वेटरचा तांबडा, मग मोहरीचा पिवळा, एक बाटलीसारखा हिरवा, पुन्हा निळा. लांबी विचारू नका. खाटेवर आडवी टाकली तर दोन्ही बाजूंनी जमिनीला टेकते. मी एकदा म्हटलंसुद्धा होतं, "आत्याबाई, ही शाल हाय का सतरंजी?" त्यावर त्यांनी ती डोक्यावरून घेतली आणि संध्याकाळपर्यंत मला नाकाशिवाय काही दिसलं नाही.

लोकांना वाटतं म्हातारीला थंडी जास्त वाजते. थंडीचं सोडा. ही शाल रागातून आली आहे, आणि तो राग मला पूर्ण पटलेला आहे, म्हणून तर हे सांगायला बसले.

माझे सासरे पुंजाजी गायन पार्टीत गायचे. 'पुंजाजी आणि पार्टी' म्हटलं की कारंजापासून केनवडपर्यंत लोक ओळखायचे. जयंती असो, विहाराचा वर्धापन दिन असो, कुणाचा गृहप्रवेश असो, यांना बोलावणं असायचंच. पुढे सासरे पेटी घेऊन बसायचे. बाजूला देवमन ढोलकीवर. आणि मागे दोन बाया, कोरसला. एक आत्याबाई आणि दुसरी ललिताबाई, गावाच्या खालच्या आळीतली. दोघींमध्ये एक माइक. तो माइक दोघींना पुरावा म्हणून त्या खांद्याला खांदा लावून, जवळजवळ गालाला गाल लावून बसायच्या. सासऱ्यांनी ओळ सोडली की या दोघी ती उचलायच्या.

आता हे मी ऐकीव सांगत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा पार्टी जोरात होती आणि मी कितीतरी कार्यक्रमांना जाऊन बसले आहे. सासऱ्यांचा गळा गोड होता, खोटं कशाला बोलू. पण वरच्या पट्टीत गेला की तो फाटायचा. तिथं या दोघी मागून अशा काही धावून यायच्या की ऐकणाऱ्याला फाटलेलं कळायचंच नाही. लोक म्हणायचे, वा, पुंजाजी, काय चढवला आवाज! आणि सासरे हात जोडायचे.

कार्यक्रम संपला की सत्कार. गायकाला शाल. ढोलकीवाल्याला शाल. एकदा तर केनवडला माइक-भोंगे लावणाऱ्या पोराला शाल मिळाली, कारण त्यानं वेळेवर जनरेटर आणला होता. या दोघींना कधी ब्लाउजपीस, कधी तेही नाही. आयोजक हसून म्हणायचे, "तुमी तं घरच्याच!" त्या घरच्या होत्या म्हणून परत जाताना जीपमध्ये पेटी मांडीवर घेऊन बसायच्या आणि घरी आल्यावर सासऱ्यांच्या शाली धुवून, वाळवून, घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या. प्रत्येक शालीच्या कोपऱ्यात आत्याबाई निळ्या दोऱ्याचा एक बारीक टाका घालून ठेवायच्या. नदीवर धुताना कुणाची कुणाला जाऊ नये म्हणून. पेटी भरत गेली.

सासरे गेले. पुण्यानुमोदनाला मांडव लोकांनी भरला होता. एकेक जण उठला, बोलला. पुंजाजीचा आवाज, पुंजाजीची पेटी, पुंजाजीनं समाजाला काय दिलं. सगळं खरं होतं आणि ऐकून मीही रडले. पण एवढ्या लोकांत कोरसचा 'को'सुद्धा कुणाच्या तोंडून निघाला नाही. आत्याबाई पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. ललिताबाई त्यांच्या शेजारी. दोघींच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं आणि दोघी एकाच ठिकाणी पाहत होत्या, म्हणजे कुठंच नाही.

पाहुणे पांगले तसं आत्याबाईंनी खुंटीवरचं सासऱ्यांचं निळं स्वेटर काढलं, ओसरीवर बसल्या आणि बाहीपासून उसवायला लागल्या. शेजारच्या बाया हादरल्या. गेलेल्या माणसाचे कपडे कोणी देतं, कोणी जपून ठेवतं. उसवत कोणी नाही. मीही घाबरले.

"आत्याबाई, काहून उसवता?"

"त्याईच्या शाली पेटीत हाय," त्या म्हणाल्या, "माही कोठी हाय? मले कोनं देल्ली नाई. मी माही विणीन."

विणणं त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तरुणपणी शाळेच्या गुरुजींची बायको पायरीवर बसून स्वेटर विणायची आणि आत्याबाई समोर तुरी पाखडायच्या. तेवढ्यावर शिकल्या. सुलटा टाका, उलटा टाका, कडेचा टाका, सगळं नजरेनं. सुया कुठून आणणार? सायकलच्या चाकातल्या दोन तारा घेतल्या, दगडावर घासून टोकं गोल केली. सासऱ्यांच्या स्वेटरची लोकर उसवली ती कुरडईसारखी वळ्यावळ्यांची निघाली. तिच्या लडी करून भिजवल्या, खाली दगड बांधून लिंबाच्या फांदीला टांगल्या, सरळ केल्या. निळं संपलं तेव्हा शेलूबाजारच्या बाजारातून, तो जुन्या कपड्यांचा ढीग लागतो ना, तिथून टाकलेली स्वेटरं आणली. तीही उसवली. दुपारभर ओसरीवर तारांचा आवाज, किट किट किट. नवरा म्हणायचा, डोकं उठतं. मी म्हणायचे, मग कान झाका.

थांबायचं कुठं हे मात्र त्यांना जमलं नाही. शाल लांबत गेली. मी विचारलं की म्हणायच्या, "पुरली पायजे." अगं बाई, पुरली पाहिजे म्हणजे किती? तुम्ही एवढ्याशा, वाऱ्यानं उडाल! पण त्या टाके बंद करायचं नाव काढत नव्हत्या. शेवटी लोकर संपली म्हणून शाल संपली.

मग सुरू झालं घेणं. एकेक तऱ्हा त्यांनी स्वतः शोधली. नातीला बरं नव्हतं तेव्हा तिला पाठीशी बांधून दवाखान्यात नेलं, ती एक. कापूस वेचायला जाताना पुढे झोळी करून त्यात कापूस, ती एक. बँकेत जाताना घडी करून हातावर, कारण बँकेतला माणूस नीट बोलतो म्हणे. माहेरच्या एका भावानं हिश्श्यावरून तोंड सोडलं होतं, त्याच्या दारात तर शाल गुंडाळून बगलेत मारली आणि चपला न काढता बोलल्या. ते मी पाहिलं नाही. पण भाऊ अजून त्या तऱ्हेला घाबरतो.

पल्लवी, माझी मुलगी, वाशिमला कॉलेजात जाते. मागच्या हिवाळ्यात ती मोबाइल घेऊन आजीजवळ बसली. त्यात एक पोरगी शाल घेण्याच्या तऱ्हा दाखवत होती. कमरेला पट्टा लावून. एका खांद्यावर पिन लावून. गळ्यात फेटा गुंडाळल्यासारखी. दोन टोकं मागे बांधून बिनबाह्यांच्या स्वेटरसारखी. आत्याबाईंनी चष्मा लावून सगळं पाहिलं.

"हे तं मी कधीची करून राह्यली. हिले कोनं सांगतलं?"

"आजी, तिले लाखो लोक पाह्यतेत."

"मले पन सारं गाव पाह्यते."

पल्लवीनं एक दिवस शाल कॉलेजात नेली, वरून पट्टा लावून. मैत्रिणींनी विचारलं कुठून घेतली. ती घरी येऊन हे सांगायला लागली तेव्हा आत्याबाई आधी चिडल्या, "माह्या शालीले पट्टा? ते का म्हैस हाय?" आणि दुसऱ्याच दिवशी शेलूबाजारला जाताना गुपचूप माझी मोठी सेफ्टीपिन मागून घेतली. पिन लावली की जीपमध्ये दोन्ही हातांनी दांडी धरता येते. तेव्हापासून जीपची तऱ्हा ती.

त्या पोरीनं अगदी शेवटी एक साधी तऱ्हा दाखवली होती. शाल पाठीवरून दोन्ही खांद्यांवर, टोकं पुढे सरळ, सारखी सोडलेली. बस.

"आजी, हे सगळ्यात सोपं. हे तू कधी करत नाई," पल्लवी म्हणाली आणि शाल घेऊन आजीच्या खांद्यावर टाकायला गेली.

आत्याबाईंनी तिचा हात धरला.

"ते नाई."

"काहून?"

"ते आपल्या हातानं घ्याचं नस्ते. ते चार लोकाईत कोनं तरी पांघरा लागते."

मी पोळ्या करत होते. माझ्या हातातलं लाटणं थांबलं. इतकी वर्षं मी या शालीची थट्टा करत आले. ही बाई डोक्यावरून घेते, कमरेला बांधते, काखेतून काढते, फक्त माणसांचा सत्कार होतो तशी एकदाही घेत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती एक तऱ्हा त्यांनी राखून ठेवली होती. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला.

या वर्षी रमाई जयंतीला आमच्या मंडळानं ठरवलं की पुंजाजींच्या पार्टीची आठवण करायची, जुन्या कलावंतांचा सत्कार करायचा. देवमन आता मंडळाचे अध्यक्ष आहेत आणि माझा नवरा नरेंद्र सचिव. बैठक आमच्याच ओसरीवर भरली. मी चहा घेऊन गेले तेव्हा देवमन म्हणत होते, कलावंताईले शाली, वाशिमहून निवृत्त साहेब येतील त्यांच्या हस्ते, आणि भागिरथावयनीले साडी.

आत घोंगडीवर हरभरा निवडत बसलेल्या आत्याबाई उठल्या. पाठीवर फटकन आवाज आला. मी बाजूला झाले.

"देवमन, तुले काय देऊन राह्यले?"

"मले... शाल, वयनी."

"मंग साडी तूच घे. मले शाल दे."

सगळे हसले. देवमनही हसले, पण त्यांना घाम आला. ते वाईट माणूस नाहीत. माझ्या सासऱ्यांच्या बरोबर उपाशीपोटीही वाजवलेलं आहे त्यांनी. पण रीत म्हटली की माणसं डोकं खुंटीला टांगतात.

"तसं नस्ते, वयनी. बायाईले साडीच देतेत. चांगली काठाची सांगतली."

"बायकोले देत असान तं द्या. मी गानारी हाव."

"आता कोरसवाल्याईचा कोठी सत्कार होते काय?" बोलून गेले देवमन. आणि बोलल्यावर चहाच्या कपात पाहू लागले.

"मागं बसनाऱ्याचा नाई होत?" आत्याबाई म्हणाल्या, "मंग तूही तं बाजूलेच बसत होता. अन् ललिताचं काय? तिचं तं साडीतही नाव नाई."

"ललिताबाईले दिसत नाई आता. कायले तकलीफ त्याईले."

"गान्याले डोये लागते काय?"

मग नरेंद्र बोलला, आणि मला तोंड लपवावंसं वाटलं. "आई, पाहुन्यायसमोर तमाशा नको. साडी घे, दोन शब्द बोल, झालं." आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. शाल खांद्यावरून काढली, डोक्यावरून घेतली आणि आत गेल्या. नाकसुद्धा दिसेना.

मी मात्र बोलल्याशिवाय राहिले नाही. मंडळाच्या लोकांसमोर नाही, पण ते गेल्यावर. "तुमच्या आईनं तुमच्या बापाचा फाटका आवाज आयुष्यभर शिवला," मी म्हटलं, "अन् तुमी तिले साडीवर बोळवता?" तो म्हणाला, तुला राजकारण कळत नाही. मी म्हटलं, बरं झालं.

कार्यक्रम जवळ आला. आमच्याकडे सत्काराच्या शालीला मरण नसतं. ती एका खांद्यावरून निघते, पेटीत जाते, पेटीतून दुसऱ्या कार्यक्रमाला जाते, तिथून तिसऱ्या खांद्यावर. काही शालींनी माणसांपेक्षा जास्त गावं पाहिली असतील. तर एका सकाळी पाहते, नवरा वडिलांच्या पत्र्याच्या पेटीतून शाली काढून पिशवीत भरत होता. मंडळासाठी. "पडूनच तं हाय," म्हणाला. मी म्हटलं, आईंना विचारा. म्हणाला, सांगतो नंतर. सांगितलं नाही, हे वेगळं सांगायला नको. मीही आत्याबाईंना सांगितलं नाही. म्हटलं, कळेल तेव्हा कळू दे, आणि चारचौघांत कळू दे.

जयंतीच्या दिवशी विहारासमोर मांडव होता. सकाळी अकराचा कार्यक्रम, म्हणजे साहेब दुपारी आले. फेब्रुवारीचं ऊन, सावलीत बसलं तर गार आणि उन्हात बसलं तर डोकं तापतं. बाया सगळ्या पांढऱ्या साड्यांत. आत्याबाई आधी खालच्या आळीत गेल्या आणि ललिताबाईंना हाताला धरून घेऊन आल्या. ललिताबाई भावाकडे राहतात, मोतीबिंदू वाढलाय, कार्यक्रमाला यायचं सोडूनच दिलं होतं त्यांनी. दोघी पुढच्या सतरंजीवर बसल्या. आत्याबाईंची शाल कमरेला घट्ट बांधलेली होती. घर उपसायला काढतात ना, तशी. मी पल्लवीला कोपरानं ढोसलं.

वंदना झाली. भाषणं झाली. साहेब चांगले बोलले, लांब बोलले. मग सत्कार. देवमनच्या खांद्यावर शाल आली, टाळ्या. जे पेटी दुरुस्त करून द्यायचे, त्यांच्या मुलाला शाल, टाळ्या. प्रत्येक शाल उलगडली की कोपऱ्यातला निळा टाका मला लांबूनही दिसत होता. आत्याबाईंची मान थोडी पुढे गेली. त्यांची जवळची नजर कमजोर आहे, लांबची घारीसारखी.

मग माझ्या नवऱ्यानं माइकवर पुकारलं, "स्मृतिशेष पुंजाजी यांच्या पत्नी, भागिरथाबाई यांनी मंचावर यावं."

त्या उठल्या. ललिताबाईंना पण उठवलं. ललिताबाई "मी कायले, मी कायले" करत होत्या, पण ओढत नेलं. पायऱ्या चढल्या. साहेबांनी साडीची पिशवी पुढे केली. आत्याबाईंनी दोन्ही हात जोडले. "जयभीम, साहेब," म्हणाल्या, आणि पिशवी तशीच साहेबांच्या हातात ठेवून माइककडे वळल्या. नरेंद्र "आई, आई" करत राहिला.

"मी पुंजाजीची बायको हाव," त्या बोलल्या. माइक किंचाळला, त्यांनी जराशी मान मागे घेतली. इतकी वर्षं माइकवर काढलेली बाई, तिला कुणी शिकवायचं? "त्याची मले लाज नाई. पन बायकोले बोलावलं असन, तं ते घरी हाय. गानारीले बोलावलं असन, तं मी आली. अन् मी एकटी कधी गायली नाई. हे ललिता."

मग त्या दोघी एका माइकपुढे खांद्याला खांदा, गालाला गाल लावून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सासऱ्यांचं रमाईवरचं गाणं धरलं. पण सुरुवातीपासून नाही. त्यांनी आपली ओळ धरली, कोरसची, जी नेहमी दुसऱ्याची ओळ संपल्यावर यायची. ती ओळ आमच्या गावानं कधी एकटी ऐकली नव्हती. आवाज म्हातारे झाले होते, ललिताबाईंचा तर कापत होता. पण जिथं सासऱ्यांचा गळा फाटायचा तिथं या दोघी सरळ वर चढल्या आणि तिथंच राहिल्या. तेव्हा लोकांना कळलं की इतकी वर्षं वर कोण चढत होतं. माझ्या मागची एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अवं, हे तं ह्याच होत्या!"

देवमन खुर्चीवर बसल्या बसल्या मांडीवर बोटं वाजवत होते. मग राहवलं नाही त्यांना. उठले, ढोलकी ओढली, खाली बसले. वाजवताना शाल खांद्यावरून घसरून पडली, त्यांनी उचलली नाही. त्या क्षणी माझा त्यांच्यावरचा सगळा राग गेला.

गाणं संपलं. लोक उभे राहिले होते. आत्याबाईंनी कमरेची गाठ सोडली. शाल झटकली, उलगडली. निळी, तांबडी, पिवळी, हिरवी अशी ती मंचभर पसरली. आणि ती त्यांनी ललिताबाईंच्या पाठीवरून खांद्यांवर घातली. टोकं पुढे सरळ सोडायला गेल्या, पण एक टोक संपेचना.

ललिताबाई चाचपडत म्हणाल्या, "भागिरथा, हे तुही हाय ना वं? माह्यावर कायले?"

"तुले कोनं पांघरली का आतापावतर?"

"तुले तरी कोनं पांघरली?" ललिताबाई म्हणाल्या, आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी लोकर चाचपत, उरलेली सगळी लांबी ओढून त्यांनी ती आत्याबाईंच्या पाठीवर टाकली, खांद्यावरून पुढे आणली, छातीवर हात फिरवून सारखी केली. दोघींच्या पाठी, चारी खांदे, आणि टोकं पुढे सरळ, बरोबरीनं. शाल पुरली. मी मांडवात सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडले आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. पल्लवी मोबाइल हातात धरून उभी होती, पण फोटो काढायचं विसरली.

तेव्हा कुठं आमच्या साहेबांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, जाग आली. ताटात एक शाल उरली होती. ती घाईघाईनं उलगडत तो आईकडे आला. डोळे लाल झाले होते त्याचे, ते मी नाकारणार नाही. पांघरायला हात वर केले तर आत्याबाईंनी शालीचा कोपरा धरला, लांब धरून पाहिला आणि अंगठा निळ्या टाक्यावरून फिरवला.

"हे तं आपल्याच पेटीतली," त्या म्हणाल्या. माइक सुरूच होता. मांडव हसून फुटला. "हे कारंज्याची. हे भेटली तवा आमी दोघी मागं बसेल होतो."

नरेंद्र तसाच उभा राहिला, हात वर धरून. आत्याबाईंनी त्याच्या हातातून शाल घेतली, पूर्वी घरी आल्यावर करायच्या तशी नीट चौकोनी घडी केली आणि परत त्याच्या हातावर ठेवली.

"ठेव बाबू पेटीत," त्या म्हणाल्या. "आता खांद्यावर जागा नाई."

आणि दोघी एका शालीत, पाऊल जुळवत, मंचाच्या पायऱ्या उतरल्या.